जिथे पाण्याला बंदी, तिथे माझा नारळ

जर्मनीहून परत आल्यापासून कॉलनीतली जी ती विचारते, "काकू, काय काय पाहिलं हो तिकडे?" मी सांगते, पाईप पाहिले. त्यांना वाटतं मी थट्टा करते. मग विचारतात, राजवाडे? बर्फ? राजवाडा एक पाहिला, बाहेरून, कारण आम्ही पोचेपर्यंत आत जायची वेळ संपली होती. बर्फ पडायला अजून अवकाश होता. चॉकलेट डब्यात आहे, जाताना घेऊन जा. पण खरं विचाराल तर मी दीड महिना माझ्या लेकीच्या पाईपांची काळजी केली, आणि ते पाईपसुद्धा मला नीट दिसले नाहीत. सगळे बाळंतिणीसारखे गुंडाळून ठेवलेले.

तर जे समजलं ते लिहिते. जे समजलं नाही तेही लिहिते, आणि तेच जास्त आहे.

आधी जायचं कारण. माझी धाकटी, वैदेही, म्युनिकजवळ गार्चिंगला एका संशोधन संस्थेत काम करते. जावई निखिलराव तिकडे लांब वोल्फ्सबुर्गला, मोटारींच्या कारखान्यात. शुक्रवारी संध्याकाळी येतात, रविवारी दुपारी जातात. नात इरा पहिलीत आहे. वैदूचं कंत्राट वर्षअखेर संपायचं होतं. तिने उभं केलेलं यंत्र यंदा न थांबता ठरल्याइतके दिवस चाललं, तर कंत्राट वाढणार. नाही चाललं तर एक तर वोल्फ्सबुर्गला जाऊन तिने घरी बसायचं, नाही तर सगळ्यांनी बाडबिस्तरा गुंडाळून इकडे यायचं.

आणि आमच्याकडे जळगावला वरच्या मजल्यावर एक खोली आहे. संडास-बाथरूमसकट, पश्चिमेला खिडकी. वैदू गेली तेव्हापासून ती खोली "वैदू आली की" म्हणून बंद आहे. कॉलेजचे मास्तर दोनदा विचारून गेले भाड्याने देता का. आमच्या ह्यांनी मला विमानतळावर सोडताना एकच काम सांगितलं. "विचारून ये. येणार की नाही. तोंडावर विचारायला मला जमत नाही, तुला जमेल."

मला जमेल असं ह्यांना का वाटलं, देव जाणे.

गार्चिंग

पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की तिथे ऊन नाही. म्हणजे अजिबात नाही असं नाही, पण ऑक्टोबरात आकाशावर एक राखाडी चादर ओढून ठेवतात आणि दुपारी चारच्या सुमाराला थोडी उचलून बघतात, आहे का अजून खाली कोणी. आमच्या जळगावला याच दिवसांत लोक डोक्याला उपरणं बांधून फिरतात.

"वैदू," मी म्हटलं, "तू उन्हावर काम करतेस ना गं?"

"हो."

"इथे?"

"आल्झो, आई, आत ये आधी. थंडी वाजेल."

तिकडे राहून तिला अशी सवय लागली आहे. वाक्य सुरू करायच्या आधी "आल्झो", पटलं की "गेनाऊ". मी दुसऱ्या दिवसापासून भाजीवाल्या तुर्की माणसालाही गेनाऊ म्हणायला लागले आणि त्याने मला एक लिंबू जास्त दिलं.

स्टेशनात आत शिरायला दार नाही, तिकीट बघायला माणूस नाही. सगळे आपले तिकीट काढून गुपचूप बसतात. मला दर वेळी वाटायचं आपण फुकट चाललोय. स्वयंपाकघरात शेगडी काळी काचेची, जाळ नाहीच. वांगं भाजायचं कशावर? ओव्हनमध्ये ठेवलं तर ते उकडल्यासारखं झालं. भरीत म्हणून वाढलं तेव्हा निखिलराव दोनदा "छान आहे" म्हणाले, म्हणजे नव्हतं. कचऱ्याचे डबे चार रंगांचे. केळीचं साल एकात, त्या सालावरचा स्टिकर दुसऱ्यात. मी उगाच घोळ नको म्हणून साल हातात धरून उभी राहायची, इरा यायची, ते घ्यायची आणि "नाइन, आजी, हिअर", म्हणजे नाही, इथे, असं म्हणून कुठेतरी टाकायची. मी बोलते ते तिला सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमधून येतं. आम्ही दोघी एकमेकींशी भरपूर बोललो.

वैदूच्या कामाचा उलगडा मात्र खोबरेल तेलामुळे झाला. मी इथून नेलेली तेलाची बाटली बाथरूममध्ये पहिल्याच सकाळी थिजून दगड झाली. इकडे डिसेंबर-जानेवारीत होतं तसं, तिकडे ऑक्टोबरातच. मी बाटली खोली तापवायच्या त्या पांढऱ्या लोखंडी जाळीवर आडवी ठेवली. खालचं तेल वितळलं, तोंडाशी मात्र गोळा तसाच. बाटली दाबली तर टम्म फुगली.

वैदू दात घासत होती. आरशातून बघून म्हणाली, "हे माझं काम आहे."

"काय?"

"हेच. थिजू द्यायचं नाही. आणि थिजलंच तर तोंडाकडून वितळवत यायचं. मधूनच तापवलं की त्याला फुगायला जागा मिळत नाही, पाईप फुटतो. मागच्या वसंतात एका कोपऱ्यात आमचं असंच थिजलं होतं. अख्खा उन्हाळा गेला निस्तरण्यात."

"तेल थिजलं?"

"धातू."

धातू तर थिजलेलाच असतो. भांडी, खिळे, माझ्या पाटल्या. हिच्याकडे तो पाण्यासारखा पाईपातून पळतो, आणि थिजला की हिची झोप उडते.

मिठाची आई

दुसऱ्या आठवड्यात तिने मला तिच्या कँटीनमध्ये नेलं. तिथे ब्रेझे म्हणून एक पाव मिळतो, फुगडी घातल्यासारखे हात गुंतवलेला, त्यावर खडेमीठ. मी मीठ नखाने खरवडून बशीत काढत होते, कारण मला बीपी आहे. वैदूने त्यातला एक खडा उचलला.

"आई, यात दोन जण असतात. त्यातल्या एकाला वेगळं काढलं की धातू मिळतो. सोडियम. चांदीसारखा दिसतो, सुरीने कापता येतो."

"मिठातून चांदी?"

"चांदी नाही. पाणी उकळतं ना, त्याच्या जरा अलीकडेच तो वितळतो. मग पळतो पाण्यासारखा. आणि उष्णता एवढ्या झटकन घेतो की बास. मोठ्या मैदानात आरसे लावायचे, सगळं ऊन एका मनोऱ्यावर पाडायचं. तिथे पाईपांतून हा धातू फिरवायचा. तो उष्णता घेऊन खाली येतो, तिच्यावर वाफ, वाफेवर वीज."

"पाणीच का नाही फिरवत सरळ?"

"उकळून जाईल."

"तेल?"

"जळेल. लोक वेगळ्या जातीचं मीठ वितळवून वापरतात, पण तेही फार तापवलं की बिघडतं. धातू त्याच्यापुढे जातो."

"आणि रात्री? ऊन गेल्यावर?"

इथे ती खुलली. लहानपणी तिला कोणी गणित विचारलं की अशीच खुलायची. म्हणाली, मोठ्या टाकीत चिनीमातीसारखे गोळे भरून ठेवायचे. दिवसा तापलेला धातू त्यांच्यातून सोडायचा, तो आपली उष्णता गोळ्यांना देतो. रात्री गार धातू उलट दिशेने सोडायचा, तो ती परत घेतो.

हे मात्र मला कळलं. म्हटलं, "फुटाणेवाल्याची वाळू. भट्टी विझली तरी वाळू तापलेली असते, त्यात पुढचा घाणा निघतो."

"गेनाऊ," ती म्हणाली, आणि मला फार बरं वाटलं. पण ते पाच मिनिटंच टिकलं. कारण मग मी विचारलं, "तुझे आरसे कुठे आहेत?"

"इथे नाहीत."

"मनोरा?"

"तोही नाही. इथे आम्ही विजेने तापवतो."

"म्हणजे उन्हापासून वीज करायचं यंत्र तुम्ही विजेवर चालवता. जिथे ऊन नाही तिथे."

"आई, इथे पाईप टिकतात का ते बघायचं. ऊन नंतर."

मी उरलेला ब्रेझे खाल्ला. आमची पंचवीस वर्षं पिठाची गिरणी होती. मी सातवीनंतर शाळेत गेले नाही, पण जाळीतून कुठलं पीठ कसं पडतं हे मला आवाजावरून कळायचं. यंत्रं मला परकी नाहीत. हे यंत्र मात्र हाती लागत नव्हतं. त्यातला पंप तर ऐका. त्याला पंखा नाही, दांडा नाही, आत काहीच फिरत नाही. बाहेरून चुंबक धातूला ढकलतं.

"तो लोखंडासारखा चिकटतो का चुंबकाला?"

"नाही."

"मग?"

तिने रुमालावर बोटाने बाण काढून दाखवले. एक बाण विजेचा, एक चुंबकाचा, तिसरा ढकलण्याचा. मी मान हलवली. घरी येईपर्यंत तिन्ही बाण एकमेकांत गुंतले होते.

एक गोष्ट तिने फार वेळा बजावली. या धातूचं आणि पाण्याचं वैर. थेंब लागला तरी पेट घेतो. मला ते पटेना. मीठ तर पाण्यात गुण्यागोविंदाने विरघळतं, मग त्याच्या आईला पाण्याचा एवढा राग का? वैदू म्हणाली, "असतो काही घरांत." आणि आम्ही दोघी हसलो, कारण आमच्या डोळ्यांसमोर एकच घर आलं. कोणतं ते लिहीत नाही.

खंडेनवमी

यंत्रात धातू भरायचा दिवस नेमका खंडेनवमीला आला. आमच्याकडे त्या दिवशी गिरणीची, शिलाई मशीनची, स्कूटरची पूजा असते. म्हटलं, वैदू, एवढं यंत्र सुरू करतेस आणि हळदीकुंकू नाही? तिने साहेबांना विचारलं. परवानगी मिळाली: हॉलमध्ये, पण यंत्रापासून लांब, कडेच्या विजेच्या कपाटाला कुंकू लावा. पाणी नाही, दिवा नाही.

मी पाण्याचं एवढं पाळलं की विचारू नका. तीर्थ नाही, पंचामृत नाही. झेंडू आदल्या दिवशी आणून पंचावर पसरून वाळवले, सकाळी एकेक फूल पुसलं. हळद कोरडी, कुंकू कोरडं, तांदूळ तर कोरडेच. ओली छत्री दाराबाहेर, बूट बदलले, पाण्याची बाटली काढून दिली. पदराला पावसाचे चार थेंब होते ते हीटरजवळ उभी राहून सुकवले. तिकडे आग लागली तरी पाणी मारायचं नसतं, कोरड्या भुकटीच्या बादल्या ठेवलेल्या. सगळ्यांना चष्मे. माझ्या चष्म्यावर आणखी एक चष्मा.

हॉलच्या दाराशी ब्रांडलबाई उभ्या होत्या. सुरक्षेचं सगळं त्यांच्याकडे. साठीच्या आसपास, केस आखूड, कमरेला किल्ल्या. हसल्या नाहीत, पण माझा हात दोन्ही हातांत धरला. मग पिशवीकडे बोट दाखवलं.

मी एकेक वस्तू काढली. हळद. कुंकू. झेंडू. त्यांनी प्रत्येक बोटाने चाचपलं, कोरडं आहे बघितलं, मान डोलावली. मग मी नारळ काढला. म्युनिकच्या आशियाई दुकानातून निवडून आणलेला, शेंडीसकट.

"वास इस्ट दास?" ब्रांडलबाईंनी विचारलं.

वैदू मागे कोणाशी तरी बोलत होती. त्याचा अर्थ 'हे काय आहे' हे मला नंतर कळलं; तेव्हा वाटलं, बाई विचारतायत चांगला आहे का. आता नारळ चांगला आहे हे आपण कसं दाखवतो? मी तो कानाशी नेला, हलवला, मग त्यांच्या कानाशी नेला आणि पुन्हा हलवला. डुबुक डुबुक. म्हटलं, "बघा. गच्च भरलेला आहे. व्हेरी गुड."

ब्रांडलबाईंचा चेहरा बदलत गेला तो मी सगळा पाहिला. आधी ऐकत होत्या, मग ओळखलं, मग त्यांनी श्वास घेतला आणि सोडलाच नाही.

"वासर," त्या म्हणाल्या.

वैदू वळली. "आई. नारळ आणलास?"

"मग? पूजेला नारळ नको?"

"आई, त्यात पाणी असतं."

खरं सांगते, तोपर्यंत माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. पाणी म्हणजे बाटलीतलं, तांब्यातलं, नळाचं. नारळ म्हणजे नारळ. घट्ट बंद, कुठे गळत नाही, कुठे सांडत नाही. फोडेपर्यंत त्यात पाणी आहे असं मनात येतच नाही, आणि फोडल्यावर मात्र तेच आधी बाहेर येतं. लेकीच्या यंत्रापाशी मी पाण्याचा गोळा घेऊन आले होते, आणि तो वाजवून दाखवत होते.

ब्रांडलबाईंनी नारळ माझ्याकडून दोन्ही हातांनी घेतला, ओल्या दुपट्यातल्या तान्ह्या मुलाला धरतात तसा अंगापासून लांब, आणि चालत दाराबाहेर नेला. बाहेर कोटांच्या खुंटाळ्याशेजारी फळी होती, तिथे ठेवला. गडगडू नये म्हणून दोन्ही बाजूंना एकेक हातमोजा लावला. मग परत आल्या आणि वैदूला म्हणाल्या, हे फळ कशासाठी?

वैदूने सांगितलं, काम सुरू करण्याआधी फोडतात. यश यावं म्हणून.

"आधी?" बाईंनी असं विचारलं की जणू आम्ही जेवणाआधी ढेकर देतो. त्यांच्याकडे म्हणे कशाचंही अभिनंदन आधी करत नाहीत. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शुभेच्छा दिल्या तर माणसाला वाईट वाटतं, ते अशुभ. आधी काम, ते पार पडलं की मग काय करायचं ते.

"मग मागायचं कधी?" मी वैदूला म्हटलं.

तिने विचारलं. ब्रांडलबाईंनी खांदे उडवले. वैदू म्हणाली, "म्हणतात, मागायचं नाही. बघायचं. सगळे दिवस चाललं तर मी स्वतः हातोडा आणून देईन, म्हणतात."

कपाटाला कुंकू लावलं, झेंडू ठेवले, हात जोडले. पाईप चंदेरी पत्र्यात आणि जाड लोकरीत गुंडाळलेले, आत काय चाललंय त्याचा पत्ता नाही. पडद्यावर आकडे चढत होते, धातू टाकीतून वर यायला लागला होता. आवाज काहीच नाही. माझी गिरणी सुरू झाली की अख्ख्या गल्लीला कळायचं. इथे एवढी मोठी गोष्ट सुरू झाली आणि कळ फिरवताना वैदूचं फक्त मनगट हललं.

वाट पाहायचे दिवस

आता माझी गंमत सांगते. नारळ फळीवर अडकला आणि मी त्यातून सुटले.

म्हणजे असं. नारळ फोडताना काहीतरी मागावं लागतं. दुकानात तो निवडत होते तेव्हापासून मला कळत नव्हतं मी काय मागणार. यंत्र चालू दे म्हटलं, तर लेक तिकडेच राहणार. वरची खोली बंद ती बंदच. न चालो म्हणायला तर जीभ उचलत नाही. ती चार वर्षं त्या पाईपांच्या मागे आहे. मग काय म्हणायचं? दोन्ही होऊ दे? देवालाही काही हिशेब असतो. ब्रांडलबाई म्हणाल्या मागायचं नाही, आणि मला आतून सुटल्यासारखं वाटलं. मग सुटल्यासारखं का वाटलं म्हणून वाईट वाटलं. अशी मी दिवसभर खिडकीशी बसून.

ह्यांचा फोन रोज.

"विचारलंस का?"

"अहो, पाईप तापलेत आत्ताच."

"पाईपांचं नाही विचारलं मी."

"तेच तर सांगते. पाईपांवरच आहे सगळं."

"मास्तर पुन्हा आले होते."

"त्यांना म्हणावं, थांबा."

"कशासाठी थांबा म्हणू?"

"म्हणावं, धातू फिरतोय."

"गोळ्या घेतेस ना वेळेवर?"

वैदू रोज संध्याकाळी येऊन सांगायची, चाललंय. ब्रांडलबाई रोज सकाळी फळीपाशी थांबून नारळ कानाशी हलवतात, असंही सांगायची. "त्यांना आता सवय लागली आहे. कालच्यापेक्षा कमी वाजतोय का, विचारत होत्या." मी म्हटलं, त्यांना सांग, महिनाभर काही होत नाही.

मग एक रविवार आला. तिकडे रविवारी सगळं बंद. दुकानं बंद, रस्ते रिकामे, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, मिक्सरसुद्धा जपून. दुपारी निखिलराव स्टेशनवर गेले. जाताना इराच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले, मग वैदूला म्हणाले, "काय व्हायचं ते होऊ दे. एका गावात राहू एवढंच." वैदूने नुसतं "हो" म्हटलं.

ते गेले आणि तिचा फोन वाजला. ती जर्मनमध्ये दोन वाक्यं बोलली. कोट चढवताना म्हणाली, "एका बारीक पाईपाचा हीटर बंद पडलाय. काही झालं तर सगळा धातू खाली टाकीत सोडायचा, तो रस्ता आहे तो. तो थिजला तर यंत्र थांबवावं लागेल."

"थांबवलं तर?"

"तर झालं, आई."

दार लागलं. घरात मी, इरा आणि रविवारची ती शांतता. इरा चित्र काढत होती. मी बाथरूममध्ये गेले, कशाला गेले आठवत नाही. खिडकीत तेलाची बाटली होती. पांढरी, थिजलेली, तळापासून तोंडापर्यंत.

मी ती उचलली. बेसिनमध्ये गरम पाणी सोडलं आणि बाटली पाण्यात उलटी धरली, तोंड खाली, जसं वैदूने सांगितलं होतं तसं तोंडाकडून. बाटली धरून उभी राहिले. नारळ समोर नव्हता, देव नव्हता, निरांजन नव्हतं. पण ओठ हलत होते हे मला आरशात दिसलं. मी म्हणत होते, "तापू दे रे बाबा. तापू दे."

मी दचकले. म्हणजे मागायचं नाही असं ठरलेलं असताना मी मागत होते, आणि जे मागेन असं वाटलं नव्हतं तेच मागत होते. खोली मनात आलीच नाही. पश्चिमेची खिडकी नाही, मास्तर नाहीत, हे नाहीत. फक्त तो बारीक पाईप आणि कोट चढवताना चुकीच्या बाहीत हात घातलेली माझी मुलगी.

इरा दारात आली. "वास माख्स्ट दू, आजी?"

"तेल तापवते गं."

ती स्टूल ओढून शेजारी उभी राहिली आणि बाटलीच्या दुसऱ्या बाजूला तिनेही हात लावला. आम्ही दोघी तशाच. झाकणापाशी आधी कड सुटली, मग गोळा हलला, मग सगळी बाटली सोन्यासारखी झाली.

वैदू अंधार पडायच्या आत आली. दुसरा हीटर गुंडाळला, रस्ता मोकळा राहिला, यंत्र थांबवावं लागलं नाही. हे सगळं तिने बूट काढता काढता सांगितलं आणि मग तिथेच, दारातल्या पायपुसण्यावर बसून राहिली. मी तिच्या डोक्याला तेल लावलं. आयतंच वितळलेलं होतं.

सायकल स्टँड

ठरलेले दिवस पुरे झाले. ब्रांडलबाईंनी शब्द पाळला. हॉलपासून लांब, सायकली लावायच्या जागेशेजारी, सिमेंटच्या कट्ट्यावर नारळ. हातोडा त्यांनी आणला. पाणी पडायला स्टीलचं मोठं भांडं आणलं. आणि सगळ्यांना चष्मे दिले. नारळ फोडायला सुरक्षेचे चष्मे. मी म्हटलं, करवंटी डोळ्यात गेली असं आजवर ऐकलं नाही. वैदू म्हणाली, "आई, घाल. त्यांनी नियम एवढा वाकवलाय, तू चष्म्यापुरती वाक."

फोडण्याआधी बाईंनी नारळ शेवटचा कानाशी हलवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गूट."

मी दोन घाव घातले. पाणी भांड्यात पडलं, थेंबसुद्धा बाहेर नाही. वैदूच्या साहेबांना, तिच्याबरोबर काम करणाऱ्या दोन पोरींना, सगळ्यांना खोबरं वाटलं. ब्रांडलबाईंनी आपला तुकडा खाल्ला, ओठ पुसले, हात पुसले, मग सगळ्यांना रांगेत उभं करून कोरड्या टॉवेलने हात पुसायला लावले, बूट बदलायला लावले आणि मगच आत सोडलं. मला आत सोडलंच नाही. माझ्या पदराला नारळाचं पाणी लागलं होतं.

घरी आम्ही दोघी शेतांमधून चालत आलो. मक्याची कापणी झालेली, दूर झाडांच्या रांगेमागे नदी. वैदूच म्हणाली, "बाबांनी विचारायला सांगितलंय ना काहीतरी?"

"तुला कोणी सांगितलं?"

"ते रोज मलाच विचारतात, आईने काही विचारलं का म्हणून."

मी माझी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"कंत्राट वाढेल आता," ती म्हणाली. "निखिलही इकडे नोकरी बघतोय. पुढचं यंत्र मोठं असेल. आरशांसकट, खऱ्या उन्हात. कुठे ते ठरायचंय. स्पेन असेल, राजस्थान असेल. जळगावसुद्धा असू शकेल, आपल्यासारखं ऊन कुठे आहे?"

माझा पाय थांबला. "म्हणजे तू—"

"यंत्र येईल कदाचित, आई. मी नाही."

तिने हे हळू म्हटलं, पण स्पष्ट. लहानपणी ताप असला की तीच मला सांगायची, आई, मला ताप आहे, घाबरू नकोस. तसंच.

मी म्हटलं, "गेनाऊ."

ती हसली आणि मग रडली, आणि मला दोन्हींचा अर्थ लागला असं मी म्हणणार नाही.

जळगाव

हे विमानतळावर आले होते. सामान गाडीत टाकलं, गाडी काढली. मग रस्त्यात विचारलं.

"काय म्हणाली?"

"खोली भाड्याने द्या."

टोलनाका आला, गेला. मग म्हणाले, "मास्तरांना सांगतो. पंखा दुरुस्त करावा लागेल."

"करा. गच्ची मात्र देऊ नका. गच्ची आपल्याकडे."

"गच्चीचं काय करायचंय तुला?"

मलाही अजून नीट ठाऊक नव्हतं.

आता डिसेंबर आहे. मास्तर आणि त्यांची बायको वर राहतात, पोरगं जिन्यावरून दणदणत उतरतं. सकाळी खोबरेल तेल थिजलेलं असतं. मी बाटली घेऊन गच्चीवर जाते आणि कठड्याजवळ उन्हात ठेवते, झाकण उघडं करून. आमचं ऊन जर्मनीतल्या त्या पांढऱ्या जाळीसारखं खालून तापवत बसत नाही. चहा संपायच्या आत कड सुटते. परवा ह्यांना फोन धरायला लावून त्याचं चित्रीकरण करून वैदूला पाठवलं. तिचं उत्तर आलं, "आई, हे ब्रांडलबाईंना दाखवलं. त्या विचारतायत, एवढं ऊन रोज असतं?"

मी लिहिलं, रोज.